‘इंडी गेम: द मूव्ही’ पेपरसारखा वाचला तर?

मागच्या पोस्टमध्ये आपण ‘सिलेक्शन बायस’ बघितला, म्हणजे नमुना निवडतानाच होणारी चूक. आज तीच चूक एका सिनेमात शोधूया. निमित्त असं झालं, की एमएस्सीला माझ्याबरोबर असलेल्या एका मित्राने दीड वर्षापूर्वी नोकरी सोडली आणि तेव्हापासून तो घरी बसून गेम बनवतोय. एकटाच. कोडिंग तोच करतो, चित्रं तोच काढतो, आवाज नेटवर फुकट मिळतात ते वापरतो. साठवलेले पैसे संपत आलेत आणि घरी रोज ‘पुढे काय?’ हा प्रश्न आहे. गेल्या महिन्यात रात्री साडेबाराला त्याचा मेसेज आला: ‘मोटिव्हेशन पार संपलंय गं. चालू ठेवू की सोडू?’ खाली एका सिनेमाचं नाव, आणि त्याखाली: ‘हा तिसऱ्यांदा बघतोय. बघितला की दोन दिवस बरं वाटतं, मग परत तेच.’

तिसऱ्यांदा घेतल्यावरही ज्याचा परिणाम दोनच दिवस टिकतो, त्या औषधाबद्दल शंका यायला हवी. म्हणून ही पोस्ट.

सिनेमा आहे ‘इंडी गेम: द मूव्ही’. लिझन पाजो आणि जेम्स स्विर्स्की या कॅनडातल्या दिग्दर्शक जोडीचा हा माहितीपट 2012 मध्ये सनडान्स महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला आणि तिथे त्याला संकलनाचा पुरस्कार मिळाला. (हे संकलन लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय, एक-दोन माणसांनी मिळून केलेल्या गेमला ‘इंडी गेम’ म्हणतात. असे गेम करणाऱ्यांची ही गोष्ट, आणि सिनेमाही किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे गोळा करून बनलेला. म्हणजे तोही एका अर्थाने इंडीच.

पहिल्यांदा बघितला तेव्हा मला तो फार आवडला होता. या वेळी वही-पेन घेऊन बसले आणि पेपर वाचावा तसा बघितला. दावा काय आहे? नमुना कोणता? निरीक्षण कधी केलं? आणि निष्कर्ष पुराव्यातून निघतो का?

तीन केस, तीन वेगळ्या वेळा

सिनेमात तीन गेम आहेत. जोनाथन ब्लो याचा ‘ब्रेड’ (खायचा नव्हे, केसांच्या वेणीसाठीचा शब्द) 2008 मध्ये आला आणि गाजला. ब्लो सिनेमात जे बोलतो ते सगळं यशानंतरचं आहे. दुसरी केस एडमंड मॅकमिलन आणि टॉमी रेफेनेस या जोडीची. ते ‘सुपर मीट बॉय’ बनवताहेत, कॅमेरा शेवटच्या धावपळीत त्यांच्या घरात आहे, आणि ऑक्टोबर 2010 मध्ये गेम बाजारात येतो तो दिवसही आपण बघतो. तिसरा फिल फिश. त्याच्या ‘फेझ’ची घोषणा 2007 मध्ये झाली, 2008 मध्ये चित्रशैलीसाठी पुरस्कार मिळाला, आणि मग वर्षामागून वर्षं गेली तरी गेम पूर्ण होईना. सिनेमा संपतो तेव्हाही ‘फेझ’ आलेला नसतो.

आता हे आपल्या भाषेत मांडूया. ब्लोची केस ‘मागे वळून बघणारी’, म्हणजे रेट्रोस्पेक्टिव्ह आहे. निकाल माहीत असलेला माणूस आपला भूतकाळ सांगतो तेव्हा नकळत निकालाकडे जाणारी सरळ रेघ ओढतो. मॅकमिलन-रेफेनेसची केस ‘पुढे जाणारी’, प्रॉस्पेक्टिव्ह आहे. आधी निरीक्षण, मग निकाल. आणि फिशची केस आपण सर्व्हायव्हल ॲनालिसिसमध्ये जिला ‘सेन्सॉर्ड’ म्हणतो तशी: अभ्यास थांबला त्या दिवसापर्यंत घटना घडलेली नाही, पुढे घडेल की नाही याची माहिती हातात नाही.

या तीन प्रकारच्या नोंदी एकाच गाळणीतून काढायच्या नसतात, हे आपल्याला पहिल्याच सेमिस्टरला शिकवतात. सिनेमा नेमकं तेच करतो, आणि इथेच ते पुरस्कारविजेतं संकलन येतं. फिश किंवा रेफेनेस अगदी तळाला गेलेले असतात आणि मध्येच ब्लो शांत आवाजात काहीतरी समजुतीचं बोलून जातो. त्यामुळे आपल्याला वाटतं, की आजचा त्रास आणि उद्याचं शहाणपण एकाच रस्त्यावरचे दोन थांबे आहेत. प्रत्यक्षात ती वेगवेगळी माणसं आहेत, वेगळ्या वर्षांतली आणि वेगळ्या परिस्थितीतली. तो रस्ता संकलकाच्या टेबलावर तयार झालाय.

माझ्या मते सिनेमातला सगळ्यात मोलाचा भाग फिशचा आहे. मार्च 2011, बोस्टनमधलं प्रदर्शन. पूर्वीच्या भागीदाराबरोबरचा कायदेशीर वाद डोक्यावर टांगलेला. लोक गेम खेळायला रांगेत उभे, आणि डेमो सारखा बंद पडतोय. फिश धावत जाऊन पुन्हा चालू करतो, परत येतो, पुन्हा जातो. हे बघताना पुढे काय होणार हे दिग्दर्शकांनाही माहीत नाही, आणि म्हणूनच ही माहिती शुद्ध आहे. हा माणूस चिकाटीने लढतोय की हट्टाने बुडतोय, हे त्या क्षणी कुणीही सांगू शकत नाही. आतून दोन्ही सारखंच दिसतं. नाव आपण नंतर ठेवतो: जमलं तर चिकाटी, नाही जमलं तर हट्ट.

जमलं. ‘फेझ’ एप्रिल 2012 मध्ये आला, त्याचं कौतुक झालं, तो विकलाही गेला. पण फॉलो-अप थोडा लांबवूया. जुलै 2013 मध्ये फिशने ‘फेझ 2’ रद्द केला आणि गेमचं क्षेत्र सोडत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे ज्याची जिद्द बघून लोक स्वतःला उभारी देतात, त्याची जिद्द यशानंतर सव्वा वर्षातच संपली. आणि ब्लो? तो सिनेमातच सांगतो, की ‘ब्रेड’चं कौतुक करणाऱ्यांनाही आपण काय म्हणतोय ते कळलं नाही, याचं त्याला फार वाईट वाटलं. यश मिळालं की मोटिव्हेशनची टाकी आपोआप भरते, या समजुतीला सिनेमातल्याच तीनपैकी दोन केस छेद देतात.

जे पोचले नाहीत ते कुठे आहेत?

‘सुपर मीट बॉय’ तुम्ही खेळला नसाल तर थोडं सांगते. मांसाचा एक छोटा चौकोनी तुकडा, फिरत्या करवतींमधून उड्या मारत पलीकडे जायचं. मेलात की क्षणात पुन्हा सुरुवातीला. आणि लेव्हल पूर्ण झाली की गेम रीप्ले दाखवतो, ज्यात तुमचे आधीचे सगळे प्रयत्न एकाच वेळी पडद्यावर धावतात. तीस-चाळीस मीट बॉय एकत्र निघतात, एकेक करून करवतीत जातात, आणि शेवटी एक पोचतो.

आकडेवारीच्या दृष्टीने हा रीप्ले सिनेमापेक्षा प्रामाणिक आहे. तो भाजक दाखवतो. सिनेमा फक्त पोचलेला दाखवतो.

‘जिद्द ठेवली की यश मिळतं’ हे तपासायचं तर दोन बाय दोनचा तक्ता लागेल. जिद्द ठेवली आणि जमलं. जिद्द ठेवली आणि नाही जमलं. सोडलं आणि पस्तावले. सोडलं आणि दुसरीकडे बरं झालं. सिनेमात यातला पहिलाच रकाना भरलेला आहे, फिशचा तर नंतर भरला गेला. एका रकान्यावरून सहसंबंधसुद्धा काढता येत नाही, कार्यकारणभाव तर दूरच.

इथे सिनेमावर अन्याय नको. माहितीपट म्हणजे पेपर नव्हे, आणि ‘आमचा नमुना प्रातिनिधिक आहे’ असं दिग्दर्शकांनी कुठे म्हटलेलं नाही. त्यांनी तीन माणसं जवळून दाखवली, आणि ते काम उत्तम केलं. चूक आपण करतो. गोष्ट म्हणून बघायची वस्तू आपण पुरावा म्हणून वापरतो.

पण एक तक्रार सिनेमाकडेच जाते. ‘फेझ’चं प्रोग्रॅमिंग रेनो बेदार या प्रोग्रॅमरने केलं. त्याला सिनेमात फारशी जागा नाही. ‘ब्रेड’ची ती देखणी चित्रं डेव्हिड हेलमन या चित्रकाराची. प्रेक्षकाच्या मनात मात्र राहतो तो अंधाऱ्या खोलीत स्क्रीनसमोर बसलेला एकटा माणूस. ज्याला हे चित्र खरं वाटतं, तो मदत मागायला लाजतो. माझा मित्र दीड वर्षात कुणालाच गेम दाखवायला तयार नव्हता, ‘पूर्ण झाल्यावर दाखवतो’ म्हणायचा. आपल्याकडे थिसिसचं पहिलं प्रकरण गाईडपासून लपवून ठेवणारे असतात ना, तसंच.

त्रास हा पुरावा नाही

सिनेमात एका ठिकाणी फिश बोलून जातो, की हा गेम पूर्ण झाला नाही तर आपण जिवंत राहणार नाही, आणि हेच आपल्याला पूर्ण करायला भाग पाडतंय. तो प्रसंग सिनेमात ‘किती जीव ओतलाय बघा’ अशा सुरात जवळजवळ सामावून जातो. मला तिथे सिनेमा थांबवावा लागला. असं बोलणं म्हणजे मोटिव्हेशन नव्हे. तुमच्या लॅबमध्ये, हॉस्टेलवर कुणी असं बोललं, किंवा तुमच्याच मनात आलं, तर ती मदतीची वेळ आहे. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर आहे. काम नंतर.

माणसाला किती त्रास झाला यावरून कामाचं मोल ठरत नाही. त्रास ही किंमत आहे, आणि किंमत जास्त म्हणून वस्तू चांगली असं कुठे असतं? पण ‘मी इतकं सोसलंय, आता मागे कसा फिरू?’ हे मात्र सगळेच म्हणतात. यालाच बुडीत खर्चाची चूक म्हणतात: जे परत येणारच नाही त्याच्या हिशोबावर पुढचा निर्णय घ्यायचा.

पुण्याचं एक उदाहरण देते. ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा गेम. त्यांची किकस्टार्टर मोहीम अपयशी ठरली, संस्थापकांवर घर विकून पैसा उभा करायची वेळ आली, आणि शेवटी 2020 मध्ये गेम आला. द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकनही मिळालं. ही गोष्ट सांगताना घर विकण्यावर आवाज चढतो. पण घर विकून झाल्यावर जे गेम आलेच नाहीत, त्यांच्या घराची गोष्ट आपल्यापर्यंत पोचत नाही. ‘राजी’ चांगला आहे तो त्या टीमने केलेल्या कामामुळे. घर विकल्यामुळे तो चांगला झाला नाही, घर विकून फक्त वेळ मिळाला.

मग टिकवतं काय?

सिनेमा परत बघितला तर याचं उत्तर त्याच्या कोपऱ्यांमध्ये पडलेलं दिसतं. दिग्दर्शकांनी ते ठळक केलेलं नाही, एवढंच.

रेफेनेस आई-वडिलांच्या घरी राहतो. मॅकमिलनची बायको त्याच्या बाजूने उभी आहे. म्हणजे दोघांच्या जिद्दीखाली कुणाचं तरी छप्पर आहे. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा गेम साडेचार वर्षं एकट्याने बनवणाऱ्या एरिक बॅरोनचंही तेच. चित्रं, संगीत, कोड सगळं त्याचं. पण तो सिएटलच्या एका थिएटरमध्ये प्रेक्षकांना जागा दाखवण्याचं अर्धवेळ काम करायचा, आणि घरखर्चाला जोडीदाराचा हातभार होता. 2016 मध्ये गेम आला, आज त्याच्या चार कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्यात. ही गोष्ट ‘एकटा माणूस आणि त्याची जिद्द’ अशी सांगितली जाते. पद्धतीच्या भाषेत, एक महत्त्वाचा चल नोंदवायचाच राहिला: महिन्याचं भाडं कोण भरत होतं?

दुसरी गोष्ट मॅकमिलनची. ‘सुपर मीट बॉय’च्या आधी त्याने कितीतरी छोटे गेम पूर्ण केले होते. ‘मीट बॉय’सुद्धा आधी 2008 मध्ये छोटा फ्लॅश गेम म्हणून आला होता. म्हणजे या माणसाला संपवायची सवय होती. इथे एक अभ्यास जोडून बघण्यासारखा आहे. टेरेसा अमाबिली आणि स्टीव्हन क्रॅमर यांनी सात कंपन्यांमधल्या 238 जणांच्या रोजच्या डायऱ्या तपासल्या, जवळपास 12,000 नोंदी. लोकांचे चांगले दिवस कोणते? ज्या दिवशी अर्थपूर्ण कामात थोडी तरी प्रगती झाली ते. बक्षीस, शाबासकी यांच्यापेक्षाही ही छोटी प्रगती पुढे होती.

आता तुम्ही संशोधनाची तयारी करताय, तर लगेच हात वर करा: हे सगळे पगारी लोक होते, एकटे गेम बनवणारे नव्हते. आणि एकाच दिवसाच्या नोंदीत मूड चांगला म्हणून काम झालं, की काम झालं म्हणून मूड चांगला, हे वेगळं करणं अवघड आहे. दोन्ही आक्षेप बरोबर आहेत. तरीही एक गृहीतक म्हणून हे मला सिनेमाच्या गृहीतकापेक्षा जास्त पटतं. सिनेमा सुचवतो, की मोटिव्हेशन हे पेट्रोल आहे, टाकीत जितकं जास्त तितके लांब जाल. डायऱ्या सुचवतात, की ते गाडीच्या काट्यासारखं आहे. काटा खाली आला तर तो बोटाने वर ढकलून उपयोग नाही, बॉनेट उघडून बघावं लागतं. प्रेरणादायी सिनेमा तिसऱ्यांदा बघणं म्हणजे काटा ढकलणं. दोन दिवस वर राहतो.

आणखी एक. सिनेमातली माणसं ज्या बाजारात गेम आणत होती तो आता नाही. एक्सबॉक्सच्या ऑनलाइन दुकानात तेव्हा निवडक गेम येत. आत शिरणं कठीण, पण शिरलात तर लोक बघणार हे जवळपास नक्की. म्हणूनच रिलीजच्या दिवशी ‘सुपर मीट बॉय’ दुकानात ठळक दिसत नाही म्हणून रेफेनेस इतका हादरतो. 2017 पासून स्टीमवर 100 डॉलर भरून कुणीही गेम लावू शकतं, आणि एकट्या 2023 मध्ये तिथे 14,000 च्या वर गेम आले. दार उघडं आहे, पण आत तुफान गर्दी. तेव्हाची जिद्द आजच्या बाजारात तेवढंच फळ देईल, हे गृहीत धरायला काहीच आधार नाही.

थांबण्याचा नियम

क्लिनिकल ट्रायलमध्ये थांबायचं कधी हे आधी लिहून ठेवतात. निकाल बघत बघत ‘अजून थोडे पेशंट घेऊ’ असं केलं तर आपण स्वतःलाच फसवतो. गेम, थिसिस, स्पर्धा परीक्षा, सगळ्यांना हे लागू आहे. मन शांत असताना तारीख, पैशाची मर्यादा आणि एक मोजता येणारा निकष लिहून ठेवायचा. सोडणं मग हरणं राहत नाही, तो प्रोटोकॉलचा भाग होतो. आणि चालू ठेवणंही हट्ट राहत नाही, कारण ते निकष पूर्ण करून मिळवलेलं असतं.

मित्राला मी ‘चालू ठेव’ही म्हटलं नाही आणि ‘सोड’ही नाही. चार प्रश्न पाठवले. शेवटचं काय पूर्ण केलंस, कितीही छोटं? गेम अनोळखी माणसाने खेळलेला तू पाहिलायस का? पैसे नेमके किती महिने पुरतील? आणि काय दिसलं तर तू थांबशील?

पहिले दोन दिवस उत्तर नाही. रागावला असेल असं वाटलं. मग त्याने गेमचे बारा लेव्हल कापून तीनच ठेवले, आणि कॉलेजच्या ज्युनियर मुलांना खेळायला दिले. त्यातल्या चौघांनी पहिल्याच लेव्हलला चुकीच्या बाजूला उडी मारली. ‘दीड वर्षात हे मला कळलंच नव्हतं,’ म्हणाला, पण आवाज बरा होता. घरच्यांसमोर बसून त्याने मार्चअखेरची तारीख ठरवली: तोवर तीन लेव्हलचा डेमो पूर्ण करायचा, तो पन्नास अनोळखी लोकांपर्यंत पोचवायचा, आणि त्यातल्या निम्म्यांनी तो शेवटपर्यंत खेळला नाही तर नोकरीचे अर्ज सुरू करायचे.

मार्चला अजून वेळ आहे. त्याचं काय होईल मला माहीत नाही, म्हणून या पोस्टला तसा शेवटही नाही. सिनेमा जरूर बघा, एकदा. बघताना वहीत तो दोन बाय दोनचा तक्ता काढून ठेवा, आणि कोणते रकाने रिकामे राहतात ते बघा.